ट्रॉली नसलेलं ट्रॉली स्टेशन : एका मॉडेलच्या नोंदी

१० जून २०२४

वॉशिंग्टनहून भाचीने काल रात्री एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामा, हे तुझ्या कामाचं. आमच्याकडचं ड्युपाँट सर्कलचं जुनं ट्रॉली स्टेशन, जमिनीखालचं. आता इथे प्रदर्शनं भरवतात." जेमतेम चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. पांढऱ्या टाइल्सची भिंत, वळत वळत दिसेनासा होणारा फलाट, बाजूला रूळ. सहा वेळा पाहिला आणि सहाही वेळा माझी नजर छताकडेच. छतावर काही नाही. तार नाही, तार टांगायची सोय नाही. मग गाडीला वीज कुठून मिळत होती?

वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. ३१ मार्च १९६४ला बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, तोपर्यंत ट्रामवर आणि नंतर बसवर. मुंबईच्या ट्रामच्या टपावर दांडा असायचा. दांड्याच्या टोकाला खाच पाडलेली छोटी चाकी, ती तारेला खालून टेकून पळायची. ती तारेवरून घसरली की डब्यातले दिवे गेलेच. मग वडील खाली उतरून, दोरी ओढून, अंधारात मान वर करून ती परत तारेला लावायचे. खरं म्हणजे त्या चाकीचं नाव ट्रॉली. अमेरिकेत पुढे अख्ख्या गाडीलाच ट्रॉली म्हणायला लागले.

म्हणजे ट्रॉली स्टेशनमध्ये ट्रॉलीच दिसेना. छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढली, त्यामुळे नकाशात एखादी वस्तू नसली तर मला झोप लागत नाही. मॉडेल करायचं ठरवलं. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग मागितला, एक तृतीयांश मिळाला.

१४ जून

भाचीला सांगितलं, "छत पुरे, आता फोन जमिनीकडे धर." तिने पुन्हा जाऊन व्हिडिओ काढला. कोडं सुटलं. दोन रुळांच्या बरोबर मधोमध तिसरी रेघ आहे. रूळ नव्हे, फट.

त्या फटीखाली पन्हळ असते. पन्हळीच्या दोन्ही अंगांना विजेच्या दोन पट्ट्या, एक धन आणि एक ऋण. गाडीच्या पोटाखाली एक चपटं पातं लोंबतं, ते फटीतून खाली उतरतं आणि दोन्ही बाजूंनी त्या पट्ट्यांना घासत जातं. त्या पात्याला तिकडे नांगर म्हणतात. नाव चपखल आहे, जमिनीत फाळ घातल्यासारखंच दिसतं. पहिल्या कच्च्या चित्रात मी एकच पट्टी काढली होती. तारेच्या ट्रामचं डोकं! तारेच्या ट्रामला एक तार पुरते, कारण वीज रुळांमधून परत जाते. इथे परतीची वाटही पन्हळीतच, म्हणून पट्ट्या दोन.

एवढा खटाटोप का? तर राजधानी विद्रूप दिसू नये म्हणून. वॉशिंग्टन शहराचा कारभार तेव्हा अमेरिकन काँग्रेसच्या हातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिने जुन्या शहराच्या हद्दीत डोक्यावरून तारा न्यायला बंदी केली. कंपन्यांनी बॅटऱ्या वापरून पाहिल्या, जमिनीखाली फिरणारा लोखंडी दोर वापरून पाहिला, आणि १८९५मध्ये ही पन्हळ घातली. ती पुढे १९६२पर्यंत चालली. पाऊस, पाला, बर्फ, रस्त्यातला कचरा, सगळं त्या फटीतून आत जाणार, म्हणजे पन्हळ साफ ठेवायला माणसं हवीत, खाली गटार हवं. तार टांगण्यापेक्षा हे कितीतरी महाग. पण शोभेचा खर्च करायचा ठरला की हिशेब कोण विचारतो!

शहराच्या वेशीपाशी गंमत होती. हद्दीबाहेर तार चालत होती. तिथे रुळांखाली खड्डा आणि खड्ड्यात माणूस. बाहेर जाणारी गाडी आली की तो खालून नांगर काढून घ्यायचा आणि वर दांडा तारेला लावला जायचा. परतताना उलटं. ऑफिसातून घरी आल्यावर शर्ट बदलावा तसं.

२३ जून

प्रमाण ठरलं. १:८७. जगभर खेळण्यातल्या रेल्वेचं हे रूढ प्रमाण, म्हणून रूळ तयार मिळतात. खरे रूळ १४३५ मिलिमीटर अंतरावर, मॉडेलमध्ये साडेसोळा.

भुयारी जागा एकूण साधारण ७५,००० चौरस फूट सांगतात. त्याला ८७च्या वर्गाने भागलं तर जवळपास ०.९२ चौरस मीटर होतात. ऐकायला एक टेबल वाटतं, पण हे स्टेशन टेबलासारखं चौकोनी नाही, लांबच लांब आतडं आहे. पूर्ण केलं तर बाल्कनीतून बाहेर जाईल. म्हणून एकच फलाट, त्याच्या पुढचं-मागचं थोडं भुयार, आणि एका टोकाला उभा छेद.

फट इंचाहूनही अरुंद. मॉडेलमध्ये ०.३ मिलिमीटरच्या आत. असली खाच कटरने पडत नाही, पातंच त्याहून जाड. शेवटी कपाटातलं रोट्रिंग, म्हणजे आखणीचं शाईचं पेन काढलं, ०.२५ मिलिमीटरचं. कोमट पाण्यात रात्रभर ठेवलं तेव्हा कुठे शाई उतरली. निवृत्त होताना ते तसंच वाळू दिलं होतं, याची लाज वाटली. फट कापायची नाही, आखायची. छेदाच्या टोकाला मात्र खरी पन्हळ दाखवणार, तीही प्रमाण सोडून थोडी मोठी. लबाडी आहे, पण कळण्यासाठी केलेली.

६ जुलै

आज जागेचा अभ्यास. भाची म्हणते, "तू नुसतं स्टेशनच बघतोयस, वरचा चौक बघ." बरोबर आहे तिचं.

वॉशिंग्टनचा आराखडा १७९१मध्ये पिएर लाँफाँ या फ्रेंच माणसाने आखला. काटकोनी गल्ल्यांची जाळी आणि तिला तिरपे छेदणारे रुंद हमरस्ते. हमरस्ते जिथे एकत्र येतात तिथे गोल चौक. आपल्या स्टेशनवरचा चौक १८७१मध्ये बांधला, तेव्हा नाव पॅसिफिक सर्कल. १८८२मध्ये काँग्रेसने त्याला आरमारातल्या सॅम्युएल फ्रान्सिस ड्युपाँटचं नाव दिलं आणि १८८४मध्ये त्याचा पुतळा बसवला. घरच्यांना पुतळा काही पसंत पडला नाही. तो डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला गेला आणि १९२१मध्ये त्या जागी संगमरवरी कारंजं आलं. ते डॅनियल चेस्टर फ्रेंच आणि हेन्री बेकन यांचं काम, म्हणजे लिंकन स्मारकाचीच जोडी. अ‍ॅडमिरल गेला, नाव राहिलं.

कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर असे तीन हमरस्ते तिथे एकमेकांना छेदतात, वर आणखी दोन साधे रस्ते. त्यात कनेक्टिकटवरून ट्राम. मोटारी वाढल्या तशी कोंडी वाढली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सगळं जमिनीखाली न्यायचं ठरलं. नोव्हेंबर १९४९मध्ये ट्रामचा मार्ग सुरू झाला, १९५०मध्ये मोटारींचा.

खरी गोष्ट नकाशात आहे. ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतल्यावरच ती डोळ्यांत भरली. मोटारींचं भुयार कनेक्टिकट अ‍ॅव्हेन्यूच्या सरळ रेषेत, थेट कारंज्याखालून. ट्रामची भुयारं दोन, जाणारी वेगळी आणि येणारी वेगळी, आणि दोन्ही कंसासारखी चौकाच्या कडेकडेने वळसा घालून. मधोमध मोटार, अंग चोरून दोन बाजूंना ट्राम. पंगतीत कोणाला कुठे बसवलं यावरून घरात मान कोणाचा हे कळतं. १९४९मध्ये मान कोणाचा होता ते या नकाशात दिसतं. ट्रामसाठी इतकं देखणं स्टेशन बांधलं खरं, पण तिला आधी वाटेतून बाजूला केलं आणि मग देखणं केलं.

देखणेपणही त्या वळशातूनच आलंय, हे मान्य करायला हवं. फलाट सरळ असता तर नुसती बोळ झाली असती. वळणामुळे दुसरं टोक दिसतच नाही, भिंत पुढे पुढे सरकत राहते आणि जागा आहे त्याच्या दुप्पट वाटते.

१९ जुलै

पाऊस. फोम बोर्ड केळ्यासारखा वाकलाय. तळाला बारा मिलिमीटरचं प्लायवुड घेतलं, दोन्ही बाजूंना पॉलिश मारून. दुकानदाराने "मरीन" म्हणून दिलं. मरीन कसलं, घरी आणल्यावर कडेचे पापुद्रे निघाले. परत करायला गेलो तर म्हणतो, "काका, पाण्यात थोडंच टाकायचंय!"

२ ऑगस्ट

मोठी चूक सापडली. तीन आठवड्यांचं काम गेलं.

मी पूर्वेकडचं भुयार दक्षिणेला जाणाऱ्या गाड्यांचं धरलं होतं, आणि फलाट वळणाच्या आतल्या बाजूला. काल पुठ्ठ्याची गाडी ठेवून बघितली तर दरवाजे भिंतीकडे. आधी वाटलं गाडीच उलटी ठेवलीय. फिरवली तर गाडी मागे जाणारी झाली. अर्ध्या तासाने डोक्यात उजेड पडला. आयुष्य डावीकडून चालण्यात गेलं. अमेरिकेत वाहनं उजवीकडून. उत्तरेला जाणारी गाडी तिथे पूर्वेच्या अंगाला असते आणि तिचे दरवाजे उजवीकडेच. म्हणजे फलाट उजव्या हाताला, चौकाच्या मध्यापासून लांब, वळणाच्या बाहेरच्या अंगाला.

भाचीला कळवलं. तिचं उत्तर, "मामा, इथे आल्यावर पहिला महिना मीही चुकीच्या बाजूने बसमध्ये चढायला जायचे." बरं वाटलं, पण फलाट काही आपोआप सरकला नाही.

४ ऑगस्ट

फलाट उखडला. फेव्हिकॉल इतका पक्का की भिंतीचा पायाही सोबत आला.

बाहेरच्या अंगाला फलाट घेतल्यावर नवा प्रश्न, आणि हा खऱ्या इंजिनिअरांनाही पडला असणार. लांब गाडी वळणावर उभी राहिली की तिचं पोट आत जातं आणि दोन्ही टोकं बाहेर येतात. वॉशिंग्टनची पीसीसी, म्हणजे त्या काळची नव्या धाटणीची ट्राम, ४४ फुटांची, माझ्या प्रमाणात १५४ मिलिमीटर. इतर शहरांतल्या पीसीसीपेक्षा ही थोडी आखूडच. पुठ्ठ्याची गाडी वळणावरून हळूहळू ढकलली आणि फलाटाच्या कडेवर पेन्सिलीने खुणा करत गेलो. पुढचा कोपरा बाहेर आला, जवळजवळ तीन मिलिमीटर. म्हणजे प्रत्यक्षात पाऊण फुटाहून जास्त. फलाटाची कड तेवढी मागे घ्यावी तर मधल्या दरवाजापाशी फट पडते, पुढे आणावी तर गाडीचा कोपरा घासतो.

पीसीसीचा चेहरा दोन्ही बाजूंनी निमुळता का, हे त्या क्षणी कळलं. आजवर समजत होतो की त्या काळची फॅशन म्हणून तसा घडवला. फॅशन होतीच, १९३०च्या दशकात ट्राम कंपन्यांच्या प्रमुखांच्या समितीने मोटारीपुढे टिकेल अशी ही नवी गाडी बनवून घेतली होती. पण तो निमुळता कोपरा वळणावर जागाही वाचवतो. माझा पुठ्ठ्याचा डबा नुसता खोका होता. कोपरे तासले, तीनचे दोन मिलिमीटर झाले. फलाटाची कड आता बसली.

गाडी पांढरीच ठेवणार, रंग नाही. मॉडेल इमारतीचं आहे.

१८ ऑगस्ट

टाइल्स. पांढऱ्या माउंट बोर्डवर रोट्रिंगने आडव्या-उभ्या रेघा, शाईत पाणी घालून फिकट राखाडी केली. वळणाच्या भिंतीवर बोर्ड वाकवला की उभ्या रेघा पंख्यासारख्या झुकतात, म्हणून आधी वाकवून वाळवला आणि मग आखला. पाच तास. पाठ धरली.

टाइल का लावत असतील यावर हिच्याशी वाद झाला. ही म्हणते, "स्वच्छ दिसायला, बाथरूमला लावतो तशी." मी म्हणालो, उजेडासाठी. खिडकी नाही, दिवसासुद्धा दिव्यांवर भागवायचं, तर पांढरी चकचकीत भिंत निम्मं काम करते. लंडनच्या किंग्जवेखालीही ट्रामचं भुयार होतं. १९०६मध्ये उघडलं, दुमजली गाड्यांसाठी खोल करून १९३१मध्ये पुन्हा सुरू केलं आणि १९५२मध्ये बंद पडलं. तिथेही वीज फटीतूनच आणि भिंतींना पांढऱ्या टाइल्स. ही म्हणाली, "म्हणजे दोन्ही कारणं खरी." तिथेच विषय संपला.

३१ ऑगस्ट

टेबल सोडलं. सातला गणपती. मॉडेल पलंगाखाली. शेजारचा मुलगा मखरासाठी पुठ्ठा कापायला शिकायला येतोय. थर्मोकोल बंद झाल्यापासून माझ्या कटरला सोसायटीत भाव आलाय.

२० सप्टेंबर

पुन्हा सुरुवात. भिंतीच्या एका कोपऱ्याला मुंग्या लागल्या होत्या. मोदकाचं सारण सांडलं असणार.

हाताने रूळ चिकटवत होतो, डोक्यात मात्र हे स्टेशन इतकं लवकर का मेलं हाच विचार. नोव्हेंबर १९४९मध्ये उघडलं आणि २८ जानेवारी १९६२ला वॉशिंग्टनची सगळीच ट्राम संपली. पुरती तेरा वर्षंही नाहीत. आमच्या सोसायटीची लिफ्ट याहून जास्त टिकली.

त्याच १९४९ साली ट्राम चालवणारी कॅपिटल ट्रान्झिट कंपनी लुई वुल्फसन या धनिकाच्या हाती गेली. कंपनीकडे युद्धकाळातली गंगाजळी भरपूर होती, कारण युद्धात पेट्रोल आणि टायरवर रेशन आल्यामुळे सगळं शहर ट्रामने फिरत होतं. नव्या मालकाने त्या शिलकीतून भागधारकांना घसघशीत लाभांश वाटला. मग १९५५मध्ये पगारवाढीवरून संप झाला आणि जवळजवळ सात आठवडे चालला. काँग्रेस इतकी चिडली की तिने कंपनीचा परवानाच काढून घेतला. १९५६मध्ये रॉय चॉक यांच्या डी. सी. ट्रान्झिटकडे कारभार गेला तो एका अटीवर, सात वर्षांत ट्राम काढून बस आणायच्या. गंमत अशी की चॉक ट्राम ठेवायला तयार होते. एक गाडी त्यांनी वातानुकूलित करून पर्यटकांसाठीही फिरवली. पण अट ती अट.

शहरात घोड्याची ट्राम १८६२मध्ये सुरू झाली होती. जवळजवळ शंभर वर्षं.

गाड्या भंगारात गेल्या असतील असं वाटलं होतं. सगळ्या नाही गेल्या. काही बार्सिलोनाला विकल्या, काही सारायेवोला. तिकडे तारेची ट्राम, म्हणजे राजधानीत नांगर धरून फिरलेल्या गाड्यांनी परदेशात जाऊन टपावरची तार धरली.

आमच्याकडे १८७४ला घोड्याची आणि १९०७ला विजेची, १९६४ला संपली. मुंबईच्या ट्रामला भुयार मिळालं नाही, रूळ रस्त्यातच गाडले गेले. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनच्या कामात ते पुन्हा वर आले, तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो होतो. रूळ काळे आणि झिजून गुळगुळीत. लोक त्यांच्यावर पाय ठेवून चहा पीत होते.

६ ऑक्टोबर

मॉडेल नेमकं कोणत्या सालचं करायचं? हा प्रश्न आधीच विचारायला हवा होता.

ट्राम गेल्यावर तोंडं बुजवली. शीतयुद्धाच्या काळात अणुहल्ल्यापासून बचावाचा आसरा म्हणून जागा राखली. मग वर्षानुवर्षं रिकामी. १९७७मध्ये मेट्रोचं ड्युपाँट सर्कल स्टेशन उघडलं, तेही या ट्रामच्या भुयारांच्या कितीतरी खाली, लांबलचक सरकत्या जिन्यांनी उतरायचं. म्हणजे जिवंत स्टेशन खाली आणि मेलेलं वर. १९९५मध्ये एका बाजूला खाण्याच्या स्टॉलांचा बाजार भरवला, तो वर्षभरात बसला. उन्हाळ्यात कोण तळघरात जेवायला उतरेल? स्थानिक मंडळींनी संस्था काढली, २०१४च्या अखेरीस शहराकडून जागा भाड्याने घेतली, आणि २०१६मध्ये पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. आदल्या उन्हाळ्यात तिथल्या एका संग्रहालयात पांढऱ्या प्लास्टिक चेंडूंचा समुद्रकिनारा केला होता. त्यातले साडेसहा लाखांहून जास्त चेंडू इथे आणून, त्यांचे ठोकळे करून, लोकांना हवं ते रचू दिलं.

भाचीला वाटतं की चेंडू करावेत. "मोहरी पांढरी रंगव मामा, मस्त दिसेल." दिसेलही. पण मला १९५०च्या दशकातलं कामाचं स्टेशन हवंय. कामावर असलेली इमारत दाखवणं कठीण, कारण तिच्यात बघण्यासारखं काही नसतं. लोक उभे असतात, गाडी येते, लोक जातात.

मोहरी डब्यातच राहिली.

१९ ऑक्टोबर

आज छेदाचं टोक. सबंध मॉडेलमध्ये मनासारखं झालेलं काम हे एकच.

वर रस्त्याचा थर, त्याखाली काँक्रीटचं छत, मग मोकळी जागा, टाइलची भिंत, बुटका फलाट. ट्रामला पायऱ्या असतात, म्हणून फलाट आपल्या लोकलसारखा उंच नको. मग रूळ, रुळांच्या मध्ये फट, फटीखाली पन्हळ. दोन पट्ट्यांसाठी जुन्या इस्त्रीच्या वायरमधली तांब्याची तार ठोकून चपटी केली. नांगर ताकाच्या रिकाम्या टेट्रापॅकचा कापला. त्याचा आतला चंदेरी थर धातूसारखा दिसतो. चार वेळा पडला, पाचव्या वेळी चिमट्याने धरून फेविक्विकचा एक थेंब लावला, तर नांगराऐवजी बोट चिकटलं.

बसला एकदाचा. गाडी वर ठेवली आणि नांगर दिसेनासा झाला. खाली वाकून, डोळा फलाटाच्या पातळीला आणून बघितलं तरच दिसतो. शेजारच्या मुलाला दाखवला. तो म्हणाला, "आजोबा, म्हणजे ही उलटी ट्राम आहे. हिचा दांडा खाली." चार महिने मी जे सांगायला धडपडतोय ते त्याने एका वाक्यात सांगितलं.

२७ ऑक्टोबर

एलईडीची पट्टी. पांढरी आणली ती निळसर निघाली, दवाखाना वाटायला लागला. बदलून पिवळट आणली. छताच्या कडेला लपवली, उजेड टाइलवरून परत येतो. ही बघायला आली, दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, "फराळाचं सामान ठेवायला टेबल लागेल."

३ नोव्हेंबर

भाऊबीज. ताई आणि भाची दुपारी आल्या. ओवाळणं, जेवण, मग मॉडेल.

भाची गुडघ्यांवर बसली, फोनचा दिवा लावून पार आत डोकं घातलं. म्हणाली, "वळण बरोबर आलंय. तिथे उभं राहिलं की पुढे काय आहे ते कळत नाही, तसंच." मग छेदाकडे आली आणि नांगर तिला आपणहून सापडला. ताईला मात्र बाबांची ट्राम हवी होती. "दांडा कुठंय रे?" हाच तिचा पहिला प्रश्न. तिला सगळं परत सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा असते तर म्हणाले असते, बरंय, खाली उतरायला नको."

मग पाटीवरून वाजलं. मी लिहिलंय : "ड्युपाँट सर्कल ट्राम स्टेशन, १९४९–१९६२". भाची म्हणाली, "ट्रॉली स्टेशन लिही. तिथे सगळे तेच म्हणतात."

मी म्हणालो, "म्हणोत. तिथे ट्रॉली नव्हतीच, तेवढ्यासाठी तर पाच महिने घालवलेत."

"मामा, आज आम्ही कुठून आलो?"

"दादरहून."

"दादरला टॅक्सी कुठे सोडली?"

मी गप्प. ताईने उत्तर दिलं, "टी.टी.ला."

ट्राम टर्मिनस. साठ वर्षं झाली तिथून ट्राम जाऊन. खोदादाद सर्कल म्हटलं तर निम्म्या टॅक्सीवाल्यांना कळत नाही, टी.टी. म्हटलं की गाडी वळते. आणि त्या टी.टी.चा अर्थ सांगता येणारे त्यातले किती असतील!

पाटी अजून चिकटवलेली नाही.

९ नोव्हेंबर

भाची परवा परत गेली. राहिलेली कामं : तिसऱ्या खांबापाशी गाडीचा कोपरा अजून फलाटाला घासतो, तिथे अर्धा मिलिमीटर पॉलिश पेपर मारायचा. छेदाच्या काचेवर धूळ येते. जिन्याचा कठडा सुटलाय, बहुतेक ताईचा पदर अडकला.

आणि फलाटावर माणसं नाहीत. दहा-बारा तरी हवीत. एक कंडक्टर करावा म्हणतो. त्या गाड्या एकट्या ड्रायव्हरवर चालायच्या, तिकिटाचे पैसेही तोच घ्यायचा, कंडक्टरचं तिथे कामच नव्हतं. तरी फलाटाच्या टोकाला, दिव्याखाली, एक उभा करून ठेवणार.